साक्षीदाराची पूर्वतयारी

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्या पांढरपेशा घरांत नीतिवचनासारखी मानली जाते. भांडखोर पक्षकाराला उद्देशून ती योग्य असेल. परंतु ज्यानें गुन्हा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला, त्यालाहि ती लागू पडते काय? पडत नसेल, तर त्यानें साक्षीला जातांना तयारी कोणती करावी? प्रश्न वकिली वाटला, तरी वस्तुतः तो नीतिशास्त्राचा आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत शेताच्या धुऱ्यावरून तंटे होतात. कधीं काठ्या चालतात, डोकीं फुटतात. शेजारच्या शेतांत डवरा हाकणाऱ्याच्या हातीं पुढें कधीं तरी मेहकरच्या किंवा खामगांवच्या कोर्टाचें समन्स पडतें, आणि लागलेच सल्लागार जमतात. एक म्हणतो, 'पोलिसांपुढचा जबाब तोंडपाठ कर.' दुसरा म्हणतो, 'कोणाचें वाईट कशाला घ्यावें? आठवत नाहीं म्हणून मोकळा हो.' आमच्या मतें हे दोन्ही सल्ले एकाच जातीचे होत. पहिल्यांत स्मृतीच्या जागीं कागद बसतो, दुसऱ्यांत भीति. साक्षीदार मात्र दोहोंतहि नाहींसा होतो.

कायद्याचा रोख निराळा आहे. तपासांतील जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहींत. त्याचा उपयोग मुख्यतः साक्षींतील विसंगति दाखविण्यापुरता. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली, तरी तत्त्व बदललें नाहीं. घटनेच्या सुमारास स्वतः केलेलें टिपण पाहून आठवण ताजी करतां येते. परंतु उत्तर सुचविणारा प्रश्न सरतपासणींत विरुद्ध पक्षानें हरकत घेतल्यास कोर्टाच्या परवानगीवांचून विचारतां येत नाहीं. आठवण जागी करावी, पढवूं नये, हा त्यांतील विवेक.

कोणी म्हणेल, वर्षानुवर्षें शुद्ध राहील अशी स्मृति कोणाची असते? आक्षेप खरा आहे. पारावर ऐकलेलें डोळ्यांनीं पाहिल्यासारखें वाटूं लागतें. म्हणूनच तयारी हवी; पण ती निवडण्याची. काय पाहिलें, काय ऐकलें, आणि काय आपण तर्कानें जोडलें, ह्यांचे तीन ढीग घरींच वेगळे करावे. ह्या निवडीनंतर उच्चारलेलें 'आठवत नाहीं' हें सत्य होय. भयानें उच्चारलेलें तेंच वाक्य असत्य होय. दोहोंतील भेद न्यायाधीशालाहि पुष्कळदां कळत नाहीं. तो बोलणाऱ्यालाच ठाऊक असतो. अश्वत्थामा नांवाचा हत्ती मेला होता, तेव्हां धर्मराजाचे शब्द खोटे नव्हते; तरीहि महाभारतानें त्याला क्षमा केली नाहीं. शपथ नुसतें सत्य मागत नाहीं, पूर्ण सत्य मागते.

अर्थात् सगळा भार त्या डवरेवाल्यावर टाकणें अन्याय्य होईल. साक्ष देऊन त्याला त्याच गांवीं, त्याच धुऱ्याशीं परत जावयाचें असतें. सर्वोच्च न्यायालयानें 2018 च्या डिसेंबरांत साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती सर्व राज्यांस बंधनकारक ठरविली, ती ह्या भीतीची दखल घेऊनच. परंतु योजनेनें शेजार मिळत नाहीं. त्याच्याशीं बोलणें न सोडणें, तारखेच्या दिवशीं त्याच्यासोबत कोर्टापर्यंत जाणें, हें गांवच्या शिकलेल्या लोकांचें काम आहे.

आणि तेच लोक पायरी टाळतात. रस्त्यावरील मारामारी पाहून आलेल्या मुलाला 'तूं कांहीं पाहिलें नाहींस' असें शिकविणारे आईबाप खोटी साक्ष देत नाहींत, हें खरें. ते एक खरा साक्षीदार न्यायाच्या दारांतून परत फिरवितात, इतकेंच. उद्यां त्याच मुलावर खोटा आळ आला, तर त्याची सुटका कोणाच्या शब्दावर व्हावी अशी त्यांची अपेक्षा आहे, ह्याचा विचार त्यांनीं अवश्य करावा.