दोन कंटेनरची ऑर्डर

निफाड तालुक्यातल्या एका गावात आप्पांची थॉमसन द्राक्षांची बाग होती. ऑक्टोबर छाटणी वेळेवर झालेली, रेसिड्यू रिपोर्ट स्वच्छ आलेला, मण्यांत साखर भरत आलेली. माल यंदा युरोपात जावा ही आप्पांची हौस. पण तिकडची पत्रं वाचायला घरात एकटा पुतण्या. तो नाशिकला इंग्रजी संभाषणाचा क्लास करून आला होता आणि तेव्हापासून गावभर लोकांचे उच्चार सुधारत फिरायचा.

जानेवारीत रॉटरडॅमच्या आयातदाराचा ईमेल आला. पुतण्यानं तो ठसक्यात वाचला, ‘इफ यू सेंट टू कंटेनर्स इन फेब्रुवारी, वी वुड टेक देम ॲट धिस प्राइस.’

“म्हणजे काय म्हणतोय?”

“दोन कंटेनर पाठवलेत तर या भावानं घेऊ.”

भाव ऐकल्यावर आप्पांनी पुढं काही विचारलंच नाही. शिवार सौद्याला आलेल्या व्यापाऱ्याला चहा पाजून वाटेला लावलं. दिवस मावळायच्या आत पॅकहाऊसला फोन झाला, खोक्यांची ऑर्डर गेली, शेजारच्या बागायतदारांना ‘तुमचाही माल घेतो’ असा शब्द दिला गेला.

त्या बागायतदारांत एक निवृत्त मास्तर होते. उभी हयात हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात गेलेली. त्यांनी ईमेल मागून घेतला, दोनदा वाचला आणि विचारलं, “यात ‘घेतो’ कुठं म्हटलंय?”

“सर, सेंट म्हणजे पाठवलं,” पुतण्या म्हणाला. “पाठवलं तर घेऊ.”

“इथंच आपण मराठी माणसं घसरतो. ‘तू आलास तर मी येईन’ असं आपण सहज म्हणतो. रूप भूतकाळाचं, पण गोष्ट उद्याची आणि अगदी होण्याजोगी. इंग्रजीत अशा ठिकाणी ‘इफ’नंतर साधा वर्तमानकाळ येतो : इफ यू सेंड, वी विल टेक. त्याऐवजी ‘सेंट’ आणि ‘वुड’ आलं, की बोलणारा कालची गोष्ट सांगत नसतो. तो नुसता अंदाज घेत असतो. ‘समजा, तुम्ही पाठवायचं म्हटलंत, तर आम्ही घेऊही.’ ‘इफ आय वर यू’ हे त्यातलंच. मी तुमच्या जागी नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून तिथं ‘वर’. आणि उद्या ‘इफ यू हॅड सेंट, वी वुड हॅव टेकन’ असं आलं, तर खोकी माळ्यावर टाका. ‘पाठवली असतीत तर घेतली असती.’ संपला विषय.”

शाळेत हे सगळं फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा क्रमांकांनी पाठ होतं. रिकाम्या जागा भरल्या की गुण पदरात. लिहिणाऱ्याच्या मनात किती होकार आहे, हे त्या रिकाम्या जागांच्या पलीकडे कुणी विचारत नाही. मराठीचं व्याकरणही स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असं क्रियापदाचं मन ओळखायला शिकवतं. पण परीक्षा झाली की तेही वहीतच राहतं.

पुतण्या खाली मान घालून उभा होता. आप्पा म्हणाले, “त्याला काय बोलता, सर? भाव ऐकला आणि पुढचं मलाच ऐकायचं नव्हतं.”

त्याच रात्री पुतण्यानं मास्तरांच्या शेजारी बसून उत्तर लिहिलं : ‘इफ वी शिप टू कंटेनर्स इन फेब्रुवारी, विल यू टेक देम?’ तोवर व्यापाऱ्याला खबर लागली होती. तो परत आला तो भाव पाडूनच. खोक्यांची निम्मी ऑर्डर कशीबशी रद्द झाली.

दोन दिवसांनी उत्तर आलं. दक्षिण आफ्रिकेचा माल बाजारात भरपूर होता. दोन कंटेनर शक्य नव्हते, एकाचा विचार झाला होता. पुतण्या वाचायला लागला, तोच आप्पांनी हात वर केला.

“आधी सांग, विल आहे की वुड?”

“विल आहे, आप्पा.”

“मग आता विचार, आगाऊ रक्कम कधी पाठवतोय.”