न दिसणाऱ्या कारणाचे ज्ञान

कार्य पाहून कारणाचे निश्चित ज्ञान होऊ शकते काय, हा भारतीय प्रमाणशास्त्रातील जुना प्रश्न आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले असून, त्यांपैकी ‘शेषवत्’ प्रकारात कार्यावरून कारणाकडे जाता येते, हे भाष्यकार वात्स्यायनाने पुरावरून नदीच्या वरच्या अंगाला झालेल्या पावसाचे अनुमान करण्याच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे. यावर पूर्वपक्षी, म्हणजे आक्षेप घेणारा, म्हणतो की, बांध घातल्यानेही नदीचे पाणी चढते, तेव्हा अनुमान हे प्रमाणच नव्हे. सिद्धान्तपक्षाचे उत्तर असे की, नुसते चढलेले पाणी हे पावसाचे लिंग, म्हणजे खूण, नसून फेस, पाने व लाकडे घेऊन वेगाने वाहणारे पाणी हे त्याचे लिंग होय. आणि जो सामान्य खुणेवर विसंबून फसतो, त्याचा दोष अनुमानाच्या माथी मारता येत नाही.

या उत्तराचे मोल जुन्या मोटारीच्या निदानात प्रत्यक्ष तपासता येते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे इंजिन चढावर ओढेनासे झाले, की ‘कॉम्प्रेशन गेले, इंजिन उतरवावे लागेल’ असा निर्णय पुष्कळदा लगेच दिला जातो. कॉम्प्रेशन म्हणजे वर येणाऱ्या पिस्टनने बंद सिलिंडरातील हवा व पेट्रोल यांच्या मिश्रणावर आणलेला दाब. तो पिस्टनच्या रिंगा झिजल्याने, व्हॉल्व्ह नीट न बसल्याने किंवा हेड गॅस्केट फुटल्याने कमी होतो. तसाच तो टायमिंग चेन सैल होऊन दात सुटल्यानेही कमी होऊ शकतो, कारण क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी हा मेळ राहिला तरी दोहोंची परस्परस्थिती सरकते, आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि घेतलेले मिश्रण काही अंशी परत ढकलले जाते. एकच कार्य अनेक कारणांशी जोडलेले असल्याने, नैयायिकांच्या परिभाषेत, नुसता ‘कमी दाब’ हा सव्यभिचार हेतू, म्हणजे साध्याशी एकनिष्ठ नसलेली खूण, ठरतो.

म्हणून खुणेला विशिष्टता आणावी लागते. इंजिन गरम असताना चारही प्लग काढून, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर सोडून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर घेतला, तर शेजारच्या दोनच सिलिंडरांतील घट त्यांच्यामधल्या गॅस्केटकडे बोट दाखवते. पुढे प्रत्येक सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजणी केली जाते. ऑइलने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजून दाब वाढला, तर झीज रिंगांची वा बोअरची ठरते, आणि वाढला नाही, तर संशय व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटवर जातो. एक गोष्ट असता दुसरी असणे आणि नसता नसणे, या अन्वय-व्यतिरेकाचीच ही परीक्षा आहे. चारही आकडे सारखेच कमी असून ऑइलनेही न हलल्यास टॅपेटचे अंतर तपासून, पहिला पिस्टन माथ्यावर आणून चेनच्या चाकांवरील खुणा जुळतात की नाही हे पाहावे लागते. ठिणगीची वेळ चुकल्यानेही जोर कमी होतो. परंतु हे माप ठिणगीविना घेतलेले असल्याने डिस्ट्रिब्युटर फिरवून त्यात फरक पडत नाही, आणि ‘टायमिंग’ या एकाच नावाखाली वावरणारे दोन दोष येथे वेगळे होतात.

कारण कधीच कळू शकत नाही असे म्हणणारा संशयवादी आणि माप न घेता इंजिन उतरवायला सांगणारा निदानकर्ता परस्परविरोधी दिसले, तरी दोघेही सामान्य खुणेपाशीच थांबलेले असतात. पहिला त्यामुळे ज्ञानाला मुकतो आणि दुसऱ्याच्या उतावीळपणाची किंमत गाडीच्या मालकाला मोजावी लागते. न दिसणाऱ्या कारणाचे ज्ञान शक्य आहे, पण ते खुणेची परीक्षा करणाऱ्यालाच मिळते. म्हणून इंजिनला पाना लावण्यापूर्वी ऑइल घालण्याच्या आधीचे व नंतरचे चारही सिलिंडरांचे आकडे कागदावर मांडलेले असलेच पाहिजेत.