माळ्याची विनंती

(लूक 13:6-9)



दाखल्यांतील धन्यास तीन वर्षें फळ मिळालें नाहीं, म्हणून त्यानें अंजिराचें झाड तोडण्यास सांगितलें. माळ्यानें आणखी एक वर्ष मागून घेतलें. तें स्वस्थ बसण्यासाठीं नव्हे, तर खणण्यासाठीं व खत घालण्यासाठीं.

आपल्या पेठच्या डोंगरांत घरोघर कोयता आहे. राबासाठीं ऐनाची टहाळ तोडण्याची रीत येथें फार जुनी. म्हणून आम्ही एक गोष्ट सांगतों. मनुष्याची जखम भरून येते. झाडाची तशी भरत नाहीं. अमेरिकेच्या वनखात्यांतील ॲलेक्स शायगो ह्यांनीं हजारों झाडें चिरून पाहिलीं, आणि 1977 सालीं दाखविलें कीं, झाड कुजका भाग आंतच कोंडून टाकितें व त्याभोंवतीं नवें लांकूड वाढवितें.

फांदी खोडास मिळते तेथें फुगीर कडें असतें. तें राखून लगत बाहेरून कापावें. लांब खुंट ठेवूं नये. मोठ्या फांदीस करवत लावावी. फांदी जड असल्यास प्रथम थोडें दूर, खालून अर्धवट काप घ्यावा, म्हणजे ती पडतांना खोडाची साल सोलत नाहीं.

वेढा घातलेल्या शत्रूच्या नगराचीं फळझाडेंही तोडूं नयेत, अशी आज्ञा आहे (अनुवाद 20:19). मग रोजाच्या घाईनें शेजाऱ्याच्या बांधावरील आंबा आपण कसा ओरबाडावा? मालक पाहो वा न पाहो, आपला काप त्या झाडांत अखेरपर्यंत राहतो. प्रभु आपल्या हातांस माळ्याचा धीर देवो.