आमिष आणि अन्न

(शास्त्रपाठ: मत्तय ४:१८–२२, लूक ५:१–११, योहान २१:१–१७)



आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या सीमेवर पूर्णा नदीस येलदरी येथें बांध घातलेला आहे, आणि त्याच्या खालच्या अंगास सिद्धेश्वराचें धरण आहे. हीं दोन्ही कामें १९६८ सालीं पुरीं झालीं. तेव्हांपासून ह्या विस्तीर्ण जलाशयांवर पुष्कळ भोई कुटुंबांचा निर्वाह होत आला आहे. सिद्धेश्वराच्या कांठीं आम्ही एकदां एका वृद्ध भोयाजवळ बसलों होतों. त्याच्या हातीं गळ एकच होता, परंतु आमिषें अनेक होतीं. एका डब्यांत ओल्या मातींत ठेवलेलीं गांडुळें, एका फडक्यांत शेंगदाण्याच्या पेंडीच्या गोळ्या, आणि मडक्यांत लहान जिवंत मासे. आम्हीं विचारलें, “बाबा, इतकें सारें कशाला?” तो म्हणाला, “मास्तर, मासा माझ्या आवडीचं खात न्हाई, त्याच्या आवडीचं खातो.”

मग त्यानें आम्हांस समजावून सांगितलें कीं, सर्व मासे एका जागीं राहत नाहींत. कटला पाण्याच्या वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या थरांत, आणि मृगळ तळाशीं चिखल चाळीत असतो. म्हणून एकासाठीं गोळी वर ठेवावी लागते, तर दुसऱ्यासाठीं ती तळाशीं सोडावी लागते. मरळ तर कणकेकडे पाहतही नाहीं. तिला हालतें भक्ष्य पाहिजे, लहान मासा किंवा बेडूक. आतां कित्येक जण रबराचा बेडूकही तिच्यापुढें नाचवितात. ऋतुमानही पाहावें लागतें. पाणी थंड झालें म्हणजे माशाचें अंगही थंड होतें. ह्यास्तव हिंवाळ्यांत तो खोल जागीं सुस्त राहतो व थोडेंच खातो. तेव्हां आमिष लहान असावें आणि हातानें घाई करूं नये. उन्हाळ्यांत पाणी तापतें, म्हणून पहांट व सायंकाळ ह्याच कामाच्या वेळा. पावसाळ्यांत नवें गढूळ पाणी आलें म्हणजे माशास नीट दिसत नाहीं. तेव्हां चकाकतें आमिष व्यर्थ, आणि वासाचें गांडूळ उपयोगी. परंतु त्याच दिवसांत मासे अंडीं घालण्यास प्रवाहाविरुद्ध निघतात, आणि शहाणा भोई त्या वेळीं आपला हात आवरतो.

बंधूंनो, हें ऐकून आम्हांस आमची लाज वाटली. हा मनुष्य माशासाठीं जितका विचार करितो, तितका आपण माणसांसाठीं करितों काय? दिवाळीनंतर आपल्या गांवांतील कितीतरी कुटुंबें ऊसतोडीस जातात, आणि तीं फाल्गुन-चैत्रापर्यंत परत येत नाहींत. तरी आम्ही त्याच दिवसांत सभा ठरवितों, आणि लोक आले नाहींत म्हणून कुरकुर करितों! ज्या घरीं कालच मयत झालें तेथें वादविवाद करितों, आणि ज्यानें कर्जापायीं बैल विकला त्यास दशमांशाचा धडा देतों. आपला प्रभु असें करीत नसे. विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशीं तो पाण्याविषयीं बोलला, शेतकऱ्यांशीं बियाण्याविषयीं, आणि कोळ्यांशीं जाळ्याविषयीं. मनुष्य कोठें आहे हें पाहून तो त्याच्याकडे जाई.

येथपर्यंत तो वृद्ध भोई आमचा गुरु होय. परंतु ह्यापुढें त्याचा मार्ग आमच्या कामाचा नाहीं, कारण आमिषाच्या आंत गळ लपविलेला असतो. शास्त्रांत पाहा: पेत्र, आंद्रिया, याकोब व योहान हे जाळीं टाकणारे होते, आणि जाळ्यांत आमिष नसतें. पेत्रानें एकदांच गळ टाकल्याचा आदेश आढळतो, मत्तयाच्या सतराव्या अध्यायांत, आणि तोही मंदिराच्या करासाठीं. माणसें धरण्यासाठीं नव्हे. लूकाच्या पांचव्या अध्यायांत प्रभु पेत्रास माणसें धरण्याविषयीं बोलतो, तेथें मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जिवंत धरणें’ असा आहे. गळाला लागलेला मासा मरतो. प्रभूच्या हातीं आलेला मनुष्य जगतो. हा भेद विसरूं नका.

आम्ही हें दुसऱ्यांस शिकविण्यापूर्वीं आपला दोष कबूल करितों. २०१६ सालच्या उन्हाळ्यांत मराठवाड्यांत पाण्याचा असा दुष्काळ पडला कीं, लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्या दिवसांत आम्हीं एका वस्तीवर पाण्याचा टँकर नेला, आणि न समजून रविवारच्या हजेरीची वहीही हातांत धरली होती. एक म्हातारी घागर घेऊन पुढें आली, आमच्या वहीकडे पाहून थबकली, आणि म्हणाली, “मास्तर, पाण्यासाठीं नांव लिहावं लागतं का?” आम्हांस उत्तर देतां येईना. आम्हीं वही पिशवींत टाकली व तिची घागर भरली. परंतु तिच्या प्रश्नाचें शल्य अद्याप निघालें नाहीं. त्या वहीमुळें आमचें पाणी तिला आमिष दिसलें, आणि दोष तिच्या दृष्टीचा नव्हता.

१८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांतही अनेक भुकेले लोक मिशनांच्या दाराशीं आले, आणि ‘हे धान्यासाठीं बाटले’ हा टोमणा त्यांच्या लेंकरांस पुढें दीर्घकाळ ऐकावा लागला. ह्याउलट नारायण वामन टिळकांकडे पाहा. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांस कोणतें आमिष मिळालें? आप्त दुरावले, आणि लक्ष्मीबाईंचा वियोग कांहीं वर्षें सोसावा लागला. ख्रिस्ताशिवाय दुसरें कांहीं त्यांस ओढीत नव्हतें, म्हणूनच तें ओढणें टिकलें.

तर मग भुकेल्यास अन्न देऊं नये काय? असें कोणीं म्हणूं नये! योहानाच्या एकविसाव्या अध्यायांत रात्रभर रिकाम्या हातीं राहिलेले शिष्य कांठावर येतात, तों तेथें निखारे पेटलेले, त्यांवर मासा ठेवलेला, आणि जवळ भाकर. प्रभूनें त्यांस आधीं जेवूं घातलें. पेत्रानें त्याला तीनदां नाकारलें होतें, तरी जेवणापूर्वीं त्याजकडून कोणताही कबुलीजबाब मागितला नाहीं. त्या अन्नांत गळ नव्हता. जेवण झाल्यावर मग प्रीतीविषयीं प्रश्न विचारला, आणि कोळ्यास मेंढपाळ केलें.

म्हणून उपदेशक बंधूंनो, माणसांस ओळखण्यास त्या भोयासारखे श्रम करा. परंतु देतेवेळीं हात उघडा ठेवा. जो आला नाहीं त्यासही पाणी द्या. जो नवीन आला आहे त्याच्यापाशीं मरळीप्रमाणें राहा, कारण ती आपल्या पिलांचा थवा मोठा होईपर्यंत राखीत असते. आणि ह्या आठवड्यांत आपल्या गांवांतील अशा एका घरीं जा कीं ज्याचें नांव आपल्या वहींत नाहीं व कदाचित् कधीं येणारही नाहीं. त्यांची गरज विचारा, ती शक्तीप्रमाणें भागवा, आणि वही घरींच ठेवा.

प्रभु आपणां सर्वांस अशी निष्कपट प्रीति देवो. आमेन.