रुळांलगतचा शेजारी

आपल्या घरात पाणी आणणारे पीव्हीसीचे पाइप व्हिनाइल क्लोराइड या वायूपासून बनतात. हा वायू ज्वालाग्राही असून दीर्घकाळ त्याच्या संपर्कात राहिल्यास यकृताचा कर्करोग होऊ शकतो. दाबाखाली त्याचा द्रव करून तो रेल्वेच्या वाघिणींतून नेला जातो. म्हणजे आपली सोय कोणाच्या तरी दारावरून जात असते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन हे सुमारे ४,७०० वस्तीचे गाव आहे. ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री तेथे एका मालगाडीचे ३८ डबे घसरले. एका डब्याचे बेअरिंग तापत चालले होते. मार्गावरील उपकरणांनी ती उष्णता टिपलीही होती. परंतु थांबण्याचा इशारा मिळाला तेव्हा उशीर झाला होता. घसरलेल्यांपैकी ५ वाघिणींत व्हिनाइल क्लोराइड होते. स्फोटाच्या भीतीने ६ फेब्रुवारीस ते मुद्दाम बाहेर सोडून जाळण्यात आले. गावावर काळ्या धुराचा लोट उठला. घरे सोडून गेलेले लोक परतले, तेव्हा अनेकांना डोकेदुखी, पुरळ व श्वासाचा त्रास जाणवू लागला. ओढ्यांत हजारो मासे मेले.

२०२४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीअंती सांगितले की, ते जाळणे अनावश्यक होते. स्फोटाकडे नेणारी रासायनिक क्रिया वाघिणींत चालू नाही, असे उत्पादक कंपनीच्या तज्ज्ञांचे मत होते. ज्या अग्निशमन प्रमुखाने निर्णय घ्यायचा होता, त्याला ते कळवलेच गेले नाही.

कोणी म्हणेल, लाभ सर्वांचा आहे, तर थोडा धोका कोणीतरी सोसलाच पाहिजे. हा हिशेब खोटा नाही, पण अपुरा आहे. जाणूनबुजून पत्करलेला धोका हे धैर्य होय. दुसऱ्याच्या नकळत त्याच्या माथी मारलेला धोका हा अन्याय होय. रेल्वे कंपनीने पुढे ६० कोटी डॉलर भरपाई मान्य केली. परंतु आपल्या लेकराच्या छातीत काय गेले, हा आईचा प्रश्न पैशाने मिटत नाही.

प्रिय वाचकहो, वाघिणी उद्याही धावतील, आणि पाइप आपल्यालाही हवेच आहेत. म्हणूनच ज्याच्या दारावरून आपली सोय जाते, तो आपला शेजारी आहे. दारावरून काय जात आहे हे त्याला आधीच खरे सांगणे, हे त्याचे आपल्यावरील पहिले ऋण आहे. ते आपण फेडले आहे काय?