प्रतिनिधी आणि भेसळ

विहित द्रव्य मिळाले नाही तर नित्यकर्म सोडावे, की दुसऱ्या द्रव्याने पुरे करावे, हा प्रश्न जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात येतो. व्रीही, म्हणजे भात, नसल्यास त्याच्याशी अधिकात अधिक साम्य असलेला नीवार, म्हणजे न पेरता उगवणारा रानभात, चालतो, आणि अशा बदली द्रव्याला ‘प्रतिनिधी’ म्हणतात. मात्र जे यज्ञाला निषिद्ध, ते कितीही सारखे असले तरी प्रतिनिधी होत नाही. अशीच सोय आयुर्वेदातही असून भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त अतिविषाच्या अभावी मुस्ता, म्हणजे नागरमोथा, सांगितला आहे.

अतिविष हे हिमालयाच्या उंच कुरणांतले कंदमूळ असून महाराष्ट्रात ते बाळगुटीत पडते आणि सहाणेवर आईच्या दुधात त्याचे एक-दोन वेढे उगाळून तान्ह्याला चाटवतात. वाढ सावकाश, आणि मुळासाठी रोपच उपटावे लागते, म्हणून माल थोडा व भाव चढा, आणि भेसळीला वाव. त्याचा सख्खा भाऊबंद बचनाग हे जालीम विष आहे. अस्सल अतिविष मोडल्यावर आत पांढरे व पिठूळ, चवीला नुसते कडू. बचनागाने मात्र जीभ चुरचुरते आणि बधिर होते. पारख करणाऱ्याच्याच जिवावर बेतावी अशी ही परीक्षा, आणि कुटलेल्या चूर्णात मोडून पाहण्याची सोयही उरत नाही.

वैद्य नागरमोथ्याला नागरमोथा म्हणतो, भेसळ करणारा त्यालाच अतिविष म्हणतो, एवढाच भेद मानणे सोपे आहे. पण मीमांसा त्याला आधार देत नाही, कारण नीवार वापरतानाही मंत्रातले व्रीहींचे नाव बदलत नाहीत. तिथे ते असत्य ठरत नाही, कारण ज्याला कर्माचे फळ मिळायचे त्या यजमानाला बदल ठाऊक असतो, आणि त्या फळाच्या धन्याला सामान्यतः प्रतिनिधी नसतो. व्यापारात हे ज्ञान विकणाऱ्याकडेच राहते. कित्येकदा, मूळ अनेक हातांतून फिरल्यामुळे, त्याच्याकडेही नसते, आणि मग असत्य असते पण ते बोलणारा सापडत नाही. अज्ञात औषध विष, शस्त्र, अग्नी यांसारखे, असे चरकसंहिता म्हणते तेव्हा ती कोणाच्या हेतूची चौकशी करीत नाही. बाळगुटीचे फळ भोगणारे तान्हे काही जाणू शकत नाही. त्याच्या वतीने जाणायचे ते आईने, आणि तिच्या हाती असते पुडीवरचे नाव.