लिहून न मिळणारी सूट

कोपरीत राहून गाडी काढायची म्हटली तर विक्रेत्यांची वानवा कधीच नव्हती. रेल्वेचे रूळ आणि ठाण्याची खाडी यांच्या मधला हा भाग पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून आहे. आनंदनगरचा नाका ओलांडला की मुलुंड, रेल्वेवरचा पूल ओलांडला की ठाणे शहर, ऐरोलीचा पूल उतरला की नवी मुंबई, आणि थोडी सवड काढली तर कल्याणही टप्प्यात. एकाच कंपनीची एकच गाडी विकणारे चार-पाच जण इतक्या जवळ असणे ही ग्राहकाच्या दृष्टीने मोठी जमेची बाजू. पण तिचा उपयोग करून घ्यायचा तर रविवार खर्ची घालून दारोदार फिरावे लागे. शिवाय 30 जून 2017 पर्यंत मुंबईला जकात होती, त्यामुळे नाक्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा हिशेब सारखा नसे. दुसऱ्याच दिवशी जीएसटी आला आणि जकात गेली. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोलही बंद झाला. त्याआधीच मोबाइलने उरलेली वाट सोपी केली होती. गाड्यांची माहिती आणि किमती दाखवणारे ऑनलाइन मंच आले: कारवाले 2005 मध्ये, कारदेखो 2008 मध्ये आणि कारट्रेड 2009 मध्ये सुरू झाले. पुढे वाशीत मुख्यालय असलेल्या कारट्रेडने 2015 मध्ये कारवाले विकत घेतले. आज शहराच्या रकान्यात ‘ठाणे’ निवडले की ऑन-रोड किंमत समोर येते. एवढे झाल्यावर या चार-पाच विक्रेत्यांमध्ये खरी चुरस लागायला हवी होती. ती लागली नाही, आणि का लागली नाही हे समजून घेणे मला महत्त्वाचे वाटते. माझे म्हणणे असे की या मंचांनी गाड्यांची तुलना उत्तम करून दाखवली. विक्रेत्यांची तुलना मात्र ते करत नाहीत, आणि आजच्या व्यवस्थेत त्यांना ती करताही येणार नाही.

आधी जे मिळाले त्याची नोंद घ्यायला हवी, कारण ते थोडके नाही. गाडी ‘मिळणे’ हीच मेहेरबानी असण्याचा काळ फार जुना नाही. प्रीमियर पद्मिनीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. नव्वदीच्या दशकात प्रीमियर आणि फ्रान्सची प्यूजो यांनी मिळून कल्याणच्या कारखान्यात प्यूजो 309 काढली, लोकांनी बुकिंगचे पैसे भरले आणि काही वर्षांतच प्यूजो भागीदारीतून बाहेर पडली. पैसे भरणाऱ्याच्या हाती तेव्हा माहितीपत्रक आणि विक्रेत्याचा शब्द याखेरीज काही नव्हते. आज डोंबिवलीतली एखादी शिक्षिका शोरूमची पायरी चढण्यापूर्वी तीन गाड्यांचे मायलेज, एअरबॅग, डिकीची जागा आणि भारत एनकॅपचे तारे शेजारी शेजारी ठेवून पाहते. सेल्समनने वरचे मॉडेल गळ्यात मारायचा प्रयत्न केला तर त्यात नेमके काय जास्तीचे आहे आणि त्यातले आपल्या कामाचे किती, हे ती त्याला सांगू शकते. जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने 1961 मध्ये मांडले होते की एकाच वस्तूच्या किमती जागोजागी वेगळ्या राहतात, कारण स्वस्त जागा शोधण्यालाच खर्च येतो. मोबाइलने हा खर्च गाडीच्या निवडीपुरता जवळजवळ शून्यावर आणला आहे.

किमतीचे मात्र तसे झालेले नाही. शोरूममध्ये हाती येणारे कोटेशन ओळीओळीने वाचले की हे दिसते. समजा, पेट्रोलवर चालणाऱ्या, बाराशे सीसीच्या एका गाडीची एक्स-शोरूम किंमत 9 लाख रुपये आहे. हा आकडा कंपनी ठरवते. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 11 टक्के कर, म्हणजे 99 हजार. पासिंग ठाण्याला एमएच 04 वर करा की कल्याणला एमएच 05 वर, तो तेवढाच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 2018 पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. 2022 च्या दरपत्रकानुसार या आकाराच्या इंजिनासाठी तो 10,640 रुपये, जीएसटी वेगळा. इथपर्यंतच्या ओळी कोणत्याही शोरूममध्ये सारख्याच येणार, आणि पडद्यावर त्याच ठळक दिसतात. भाव फिरतो तो खालच्या ओळींत: गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, अ‍ॅक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी, कोटिंग, ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ या नावाने लावलेली रक्कम, जुन्या गाडीची धरलेली किंमत आणि कर्जाचा व्याजदर. एका विक्रेत्याने दहा हजारांची सूट दिली आणि विम्यात बारा हजार जास्त लावले, तर ग्राहक सूट मिळाल्याच्या समाधानात दोन हजार जास्त मोजून बाहेर पडतो. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती करता येत नाही, असे विमा नियामकाच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण बाहेरचा विमा आणला तर सूट मागे घेऊ, असे तोंडी सांगायला कागद लागत नाही. वरच्या ओळी उजेडात आल्या म्हणून नफा नाहीसा झालेला नाही. तो खालच्या, अंधाऱ्या ओळींत उतरला आहे.

यात सगळा दोष विक्रेत्याच्या माथी मारणे मला रास्त वाटत नाही. विक्रेत्यांची देशव्यापी संघटना फाडा किमान 7 टक्के मार्जिन मागत आली आहे; ही मागणी करावी लागते यातच हाती काय पडते ते कळते. त्यातून शोरूमचे भाडे, वर्कशॉप, पगार आणि साठ्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज भागवायचे. 2024 च्या सणासुदीच्या तोंडावर देशभरच्या विक्रेत्यांकडे सुमारे 79 हजार कोटी रुपयांच्या, म्हणजे 80 ते 85 दिवस पुरतील इतक्या गाड्या पडून असल्याचे फाडाने जाहीर केले होते. गोदामात उभ्या गाडीवर रोज व्याज चढते, म्हणून डिसेंबरात सूट वाढते. 2019 च्या मंदीत दीड वर्षात 280 हून जास्त शोरूम बंद पडल्याचे सांगितले गेले, आणि त्यांत महाराष्ट्रातल्यांची संख्या सर्वाधिक होती. आता यात आणखी एक खर्च आला आहे. पूर्वी ग्राहक स्वतःच्या पायांनी येई; आज त्याने मंचावर नंबर टाकला की त्याची ‘लीड’ होते आणि ती लीड विक्रेता पैसे देऊन घेतो. कोपरीतल्या माणसाने सहज किंमत पाहावी आणि दहा मिनिटांत तीन ठिकाणांहून फोन यावेत, हे त्यामुळेच घडते. नऊ लाखांच्या गाडीत लीडचा खर्च किरकोळ वाटेल, पण दहा लीडमधून एखादी गाडी विकली गेली तर उरलेल्या नऊंचा भारही त्याच एका गाडीवर पडतो, आणि ती गाडी घेणाऱ्याला तो कोणत्याच ओळीत दिसत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. इंटरनेटमुळे गाड्या स्वस्त झाल्याचा पुरावा उपलब्ध आहे. फिओना स्कॉट मॉर्टन, फ्लोरियन झेट्टेलमायर आणि जॉर्ज सिल्वा-रिसो यांनी अमेरिकेतल्या व्यवहारांचा अभ्यास करून 2001 मध्ये दाखवले की ऑटोबायटेल या सेवेमार्फत आलेले ग्राहक सरासरी सुमारे 2 टक्के कमी मोजतात. 2003 च्या पुढच्या अभ्यासात त्यांना याहून मोलाचे काही सापडले: शोरूममध्ये कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक ग्राहकांना पडणारा जादा भुर्दंड इंटरनेटवरून आलेल्यांच्या बाबतीत जवळपास नाहीसा होतो. ज्याला घासाघीस जमत नाही किंवा ज्याच्याकडे पाहून विक्रेता आधीच अंदाज बांधतो, त्याला पडद्याचा आधार सर्वांत जास्त मिळतो, हा याचा अर्थ. एकट्याने गाडी घ्यायला गेलेल्या बाईकडे दुर्लक्ष करून सोबतच्या पुरुषाशी बोलणारे सेल्समन आपल्याकडेही आहेत, त्यामुळे हा निष्कर्ष मी मनापासून मान्य करते. पण ऑटोबायटेलची पद्धत नीट पाहिली पाहिजे. तिथे ग्राहकाची चौकशी विक्रेत्याकडे जाई आणि विक्रेत्याकडून घासाघीस न करता थेट किंमत कळवली जाणे अपेक्षित असे. तिथल्या ग्राहकाच्या हाती विक्रेत्याचा आकडा पडत होता. आपल्याकडे चौकशीच्या मोबदल्यात हाती पडते ते फोनवरचे वाक्य: “शोरूमला या, बसून बोलू.”

सेल्समन आकडा लिहून का देत नाही? शेजारच्या विक्रेत्याला दाखवतील ही भीती असते, हे खरेच. पण दुसरे कारण अधिक खोल आहे आणि त्याचा पुरावा सरकारी आदेशात आहे. 23 ऑगस्ट 2021 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला 200 कोटी रुपयांचा दंड केला. प्रकरण सुरू झाले ते 2017 मध्ये आलेल्या एका निनावी ई-मेलने, आणि त्यातली तक्रार महाराष्ट्रातल्या विक्रीविभागाबद्दल होती. आयोगाला जे आढळले त्याचा सारांश असा: ठरवून दिलेल्या सुटीपेक्षा जास्त सूट किंवा फुकटची वस्तू विक्रेत्याने द्यायची नाही, असे धोरण होते, ते पाळले जाते की नाही हे पाहायला खोटे ग्राहक बनून माणसे शोरूममध्ये जात, संभाषण ध्वनिमुद्रित करत, आणि सापडलेल्या विक्रेत्याला दंड होई. कंपनीने या आदेशाला अपिलात आव्हान दिले. त्याआधी 2017 मध्ये ह्युंदाईला अशाच प्रकारच्या कारणावरून केलेला 87 कोटींचा दंड अपील न्यायाधिकरणाने 2018 मध्ये रद्द केला होता, तेव्हा कायद्याच्या पातळीवर हा विषय मिटलेला नाही. पण विक्रेत्याच्या खुर्चीत बसून पाहा. समोरचा माणूस खरा ग्राहक आहे की तपासनीस, हे ठाऊक नसताना जास्तीची सूट कागदावर कोण उतरवेल? आणि जी सूट कागदावर उतरत नाही, ती पडद्यावर कुठून येणार? खरा भाव टेबलापलीकडून हळू आवाजात सांगितला जातो तो यामुळे.

कंपनीच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. लेस्टर टेल्सर यांनी 1960 मध्ये तो मांडला: चांगली सेवा देणाऱ्या दुकानात माहिती घ्यायची, आणि सेवेवर काहीच खर्च न करणाऱ्या दुकानात स्वस्तात खरेदी करायची, असे ग्राहक करू लागले तर सेवा देणारा बुडतो. कोपरीच्या माणसाने ठाण्यातल्या शोरूमची गाडी टेस्ट ड्राइव्हला दोनदा फिरवायची आणि पाच हजार वाचतात म्हणून ऐरोलीपलीकडून काढायची, तर ठाण्याच्या विक्रेत्याने ती गाडी ठेवावी कशाला? अडचण खरी आहे, पण तिचे उत्तर टेस्ट ड्राइव्ह आणि सेवेचा मोबदला कंपनीने विक्रेत्याला वेगळा देणे हे आहे. भाव गोठवणे नव्हे. काही जण तिसरा मार्ग सुचवतात: देशभर एकच किंमत, घासाघीसच नको. चाकणला गाड्या बनवणाऱ्या मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर 2021 पासून भारतात हेच केले. गाड्यांचा साठा कंपनीचा, बिल कंपनीचे, आणि विक्रेता सेवा देणारा भागीदार. टेस्लाने जुलै 2025 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात शोरूम उघडले तेही थेट विक्रीचेच. यात ग्राहकाची मानहानी टळते आणि विक्रेत्याच्या डोक्यावरचा साठ्याचा बोजा उतरतो. मात्र मुलुंड आणि ठाण्याच्या विक्रेत्यांमध्ये भावाची जी काही चढाओढ होती ती यात कायमची संपते, आणि नऊ लाखांसाठी पै-पै जोडणाऱ्याला त्या चढाओढीतून सुटणारे वीस हजार महत्त्वाचे असतात.

जुन्या गाड्यांचे गणित निराळे. तिथे प्रश्न गाडीच्या आतल्या स्थितीचा असतो, जो जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये मांडला. तपासणी करून हमी देणाऱ्या कंपन्यांमुळे आणि सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी प्रणालीत मालकी, कर्जाचा बोजा, चलान सहज दिसू लागल्याने तिथे ग्राहकाचे खरेच भले झाले आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना नोंदणी घ्यायला लावणारे नियमही 1 एप्रिल 2023 पासून आहेत. मला यात लक्षात घ्यावेसे वाटते ते हे की अर्धे काम सरकारी नोंद उघडी झाल्याने झाले.

नव्या गाडीच्या भावालाही तोच उपाय लागू पडेल. ‘मंच चालवायला पैसा लागतो, लीड विकली नाही तर सेवा फुकट कशी द्यायची,’ हा प्रश्न रास्त आहे, आणि खासगी मंचाने स्वतःच्या गिऱ्हाइकाचा, म्हणजे विक्रेत्याचा, खरा भाव फोडावा ही अपेक्षा अवाजवी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा प्रकारच्या ऑनलाइन रचनांवर बंदी आणली. किंमत तुकड्यातुकड्याने वाढवत नेणे त्यांत आहे. शोरूमच्या टेबलावर हेच घडते, पण तिथवर ही बंदी पोचत नाही. अमेरिकेने 1958 मध्येच कायदा करून प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीची फोड चिकटवणे बंधनकारक केले. आपल्याकडे निदान कोटेशनचा एक ठरलेला नमुना असावा, प्रत्येक ओळीपुढे ‘सक्तीचे’ की ‘ऐच्छिक’ असे छापलेले असावे, आणि खाली सही व मुदतीची तारीख असावी. त्यापुढचे पाऊल महाराष्ट्राला घरांच्या बाबतीत ठाऊक आहे. कोपरीतल्या एखाद्या इमारतीत मागच्या महिन्यात फ्लॅट कितीला विकला गेला, हे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन काढून कोणालाही पाहता येते, आणि बिल्डरशी बोलायला बसण्यापूर्वी लोक ती काढतातच. गाडीचे बिलही पासिंगच्या वेळी परिवहन विभागाकडे जाते. ग्राहकाचे नाव आणि नंबर वगळून, ठाणे, कल्याण आणि वाशीच्या कार्यालयांत कोणते मॉडेल प्रत्यक्षात कितीच्या बिलाला नोंदले गेले, हे दर महिन्याला जाहीर करायला नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. बिलावर सूट दाखवायची की नाही, यावर तेव्हा कंपन्या आणि विक्रेते यांच्यात उघड वाद होईल, आणि तो वाद आयोगाच्या फायलीत न राहता दसऱ्याच्या आधी वर्तमानपत्रात वाचायला मिळेल.